दिव्यांचा डौल आणि रस्त्याची भाषा

१९९७ साली फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात जर्मनीच्या पोर्शे कंपनीने आपल्या ‘९११’ या नामांकित गाडीची नवी पिढी लोकांपुढे ठेवली. तीन दशकांहून अधिक काळ हवेने थंड होणारे तिचे इंजिन प्रथमच पाण्याने थंड होऊ लागले होते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. पण तितकेच वादंग माजले ते तिच्या पुढच्या दिव्यांवरून. १९६३ पासून चालत आलेला गोल, टपोरा दिवा नाहीसा होऊन त्याच्या जागी, खालच्या अंगाला ओघळल्यासारखा दिसणारा आणि इंडिकेटरचा नारिंगी रंग पोटात घेतलेला एक सलग दिवा आला होता. चाहत्यांनी त्याला ‘तळलेले अंडे’ असे नाव ठेवले, आणि ते नाव आजतागायत पुसले गेलेले नाही.

हा दिवा असा का झाला, याचे उत्तर कलाशाळेत शोधण्यापेक्षा कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांत शोधणे अधिक सयुक्तिक. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी पोर्शेची विक्री घसरली होती आणि कंपनीचे स्वतंत्र अस्तित्वच धोक्यात आले होते. तेव्हा १९९६ ची स्वस्तातली ‘बॉक्स्टर’ आणि ‘९११’ या दोन गाड्यांचा पुढचा भाग बव्हंशी एकच ठेवावा, आणि पुढचे सर्व दिवे एकाच पेटीत बसवून ती पेटी एका झटक्यात गाडीवर चढवावी, असा निर्णय झाला. साचे कमी, श्रम कमी, खर्च कमी. हा हिशेब चुकला असे म्हणता येत नाही. या पिढीच्या पावणेदोन लाखांच्या आसपास गाड्या खपल्या. पण मोठी किंमत मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या गाडीचा चेहरा धाकट्या भावंडासारखाच असणे मानवले नाही. २००२ मध्ये कंपनीने या गाडीचे दिवे बदलले आणि २००४ च्या पुढच्या पिढीत गोल दिवा सन्मानाने परत आणला. जुन्या गाड्यांच्या बाजारात या पिढीला तिच्या आधीच्या पिढीच्या मानाने कमी भाव येतो, त्यामागे हा दिवाही एक कारण आहे.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. २०२४ मध्ये ‘९११’ची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने इंडिकेटरसह पुढचे सारे दिवे पुन्हा एकाच पेटीत आणले. १९९७ मध्ये जे केले तेच तत्त्वतः या वेळीही केले. पण पूर्वीसारखा गहजब झाला नाही, कारण बाहेरची गोलाई शाबूत होती. म्हणजे गिऱ्हाइकाचे भांडण दिव्याच्या रचनेशी नव्हते, उजेडाशी तर नव्हतेच. ते होते ओळखीशी. भारी मोटारींच्या दिव्यांबद्दल आज जगभर जी हिरिरीची चर्चा चालते, तिचे मर्म या एका उदाहरणात सापडते.

‘मग आमचा याच्याशी संबंध काय?’ असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्यापैकी कोणाच्या दारात पोर्शे उभी राहण्याचा संभव नाही. पण दिवा ही वस्तू तिच्या मालकाच्या दारापुरती राहत नाही. ती रस्त्यावर येते, आणि रस्ता सर्वांचा असतो. म्हणूनच या हौसेच्या विषयाकडे थोडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एक ऐतिहासिक गंमत ध्यानात घेतली पाहिजे. आज दिवा हा मोटारीचा सर्वांत खाजगी अवयव झाला आहे. पण एके काळी तो सर्वांत सार्वजनिक अवयव होता. अमेरिकेत १९४० पासून सर्व गाड्यांना सात इंच व्यासाचे, सीलबंद काचेचे दोनच गोल दिवे लावावेत असा दंडक होता. कॅडिलॅकला जो दिवा, तोच फोर्डला. दिवा फुटला तर खेड्यातल्या गॅरेजातही मिळावा, हा त्यातला हेतू. चार लहान दिव्यांची मुभा १९५०च्या दशकाच्या अखेरीस मिळाली, चौकोनी दिव्यांना १९७५ साल उजाडावे लागले. इटलीत असा दंडक नव्हता, तरी तेथेही काटकसर होतीच. १९६६ मध्ये लॅम्बोर्गिनीने ‘मिउरा’ काढली; जगातील अत्यंत देखण्या आणि वेगवान मोटारींत तिची गणना होते. तिचे पुढचे दिवे मात्र ‘फियाट ८५० स्पायडर’ या सामान्य गाडीचे होते. पुढे १९९९ मध्ये याच कंपनीच्या ‘डियाब्लो’ला जपानी ‘निस्सान ३०० झेडएक्स’चे दिवे बसवण्यात आले.

याचे कारण साधे आहे. दिव्याची काच आणि परावर्तक घडवण्याचे साचे फार महाग असतात. हा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तर नगण्य होतो. दोन-चारशे गाड्यांवर वाटायचा तर डोईजड होतो. म्हणून श्रीमंताची गाडी गरिबाच्या गाडीकडून दिवे उसने घेत असे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

हे चित्र पालटले ते प्रकाशाचा स्रोतच बदलल्यामुळे. तापलेल्या तारेच्या बल्बला मोठा परावर्तक लागतो, आणि परावर्तक म्हटला की आकारावर बंधन आले. एलईडी हा हरभऱ्याच्या दाण्याएवढा दिवा. तो रांगेत लावा, कमानीत लावा, चार ठिपक्यांत मांडा. ऑडीने २००४ पासून दिवसा जळणाऱ्या दिव्यांत अशी ठिपक्यांची माळ गुंफली. बीएमडब्ल्यूने त्याआधीच, २००० मध्ये, गोल दिव्यांभोवती प्रकाशाची कडी चढवली होती. युरोपात फेब्रुवारी २०११ पासून नव्या बनावटीच्या मोटारींना दिवसा जळणारे दिवे सक्तीचे झाले. उद्देश सुरक्षिततेचा होता. पण कंपन्यांनी या दिव्यांचे रूपांतर आपल्या सही-शिक्क्यात केले. २०२२ च्या बीएमडब्ल्यू ‘सात’ मालिकेत तर दिव्यांत स्वारोव्हस्कीचे स्फटिक बसवून घेण्याची सोय आहे. दिवा हा आता दागिना झाला.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली होती. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ फ्रेड हिर्श यांनी १९७६ मध्ये तिच्यात आणखी एका विचाराची भर घातली. काही वस्तूंचे मोल त्या दुसऱ्याकडे नसण्यातच असते. सर्वांना मिळाल्या की कोणालाच मिळाल्यासारख्या राहत नाहीत, असे त्यांचे सांगणे होते. मागच्या दिव्यांचा अलीकडचा इतिहास याचा उत्तम दाखला आहे. ‘९११’च्या एका पिढीत दोन्ही मागच्या दिव्यांना जोडणारी तांबडी प्रकाशपट्टी फक्त चारही चाकांना शक्ती देणाऱ्या महागड्या प्रकारांना होती, जाणकार माणूस मागूनच गाडीची प्रतवारी ओळखत असे. २०१८ च्या पिढीत ही पट्टी सर्वच प्रकारांना मिळाली आणि तिचे ते महत्त्व संपले. आज अशी आडवी पट्टी मध्यम किमतीच्या गाड्यांवरही दिसते. टाटांच्या २०२३ च्या ‘नेक्सॉन’लाही ती आहे, आणि गाडी उघडताना-मिटताना तिच्यावर प्रकाशाचा खेळही चालतो. उंची गाड्यांना मग नवे चिन्ह शोधावे लागते. ही शर्यत कोणीच जिंकत नाही. पण खर्च मात्र प्रत्येकाचा होतो. फिशर, ग्रिलिकस आणि केसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये असा अंदाज मांडला होता की, १९४९ नंतर अमेरिकी मोटारींच्या रूपात, आकारात आणि शक्तीत जे बदल होत गेले त्यांपायी १९५६ ते १९६० या काळात समाजाला वर्षाला सुमारे पाच अब्ज डॉलर खर्च आला. तो सारा खर्च व्यर्थ होता असे त्या विद्वानांनीही म्हटले नाही. लोकांना ते बदल हवे असतील, पण त्यांची किंमत काय पडते हे कोणीतरी सांगितले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे.

येथपर्यंतचा खर्च गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, आणि ज्याला परवडते त्याने तो खुशाल करावा. घड्याळ, शाल, मोत्यांची कुडी यांबाबत आपण हेच म्हणतो. पण दिव्याची गोष्ट निराळी आहे. गाडी चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. तो असतो मागून येणाऱ्यासाठी. पुढच्या दिव्याचे अर्धे काम चालकाला रस्ता दाखवण्याचे. उरलेले अर्धे, समोरच्याला ‘मी येथे आहे’ एवढे सांगून त्याचे डोळे न दिपवण्याचे. म्हणजे दिवा विकत घेणारा एक आणि त्याचा उपयोग किंवा उपद्रव सोसणारा दुसरा. जेथे खरेदीदार आणि उपभोक्ता भिन्न असतात, तेथे बाजाराची तराजू आपोआप समतोल राहत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. दिव्याच्या रूपाबद्दल चाहते रात्र-रात्र वाद घालतात. त्या वादात समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला मत नसते.

हा केवळ तात्त्विक आक्षेप नव्हे. वळण्याची खूण देणारा मागचा दिवा युरोपात नारिंगी असावा लागतो. अमेरिकेत तो तांबडा असला तरी चालतो. परिणामी युरोपात नारिंगी खूण देणारी एखादी उंची गाडी अमेरिकेत तांबडी खूण देताना आढळते; सलग तांबड्या दिव्याचा डौल तेथे कायद्याला मंजूर असतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वळत्या गाडीला मागून धडक बसण्याचे प्रमाण नारिंगी इंडिकेटरमुळे सुमारे ५.३ टक्क्यांनी कमी होते असे आढळले. ब्रेकचा तांबडा आणि वळणाचा तांबडा यांतला फरक ओळखण्यात मागच्या चालकाचा जो क्षण जातो, त्याची ही किंमत.

उलट उदाहरण तिसऱ्या ब्रेकदिव्याचे. मागच्या काचेजवळ मध्यभागी उंचावर असणारा हा दिवा अमेरिकेत १९८६ च्या मोटारींपासून सक्तीचा झाला. त्याला ना घाट, ना डौल. तरी १९९८ च्या सरकारी मूल्यमापनात त्याच्यामुळे मागून होणाऱ्या टकरींत सुमारे ४.३ टक्क्यांची कायमची घट झाल्याचे दिसून आले. कोणत्याही गिऱ्हाइकाने दुकानात जाऊन ‘मला तिसरा दिवा द्या’ असे म्हटले नव्हते. म्हणणारही नव्हता, कारण त्याचा लाभ प्रामुख्याने मागच्याच्या दक्षतेतून मिळतो.

पुढच्या दिव्यांच्या बाबतीत दिव्याखालचा अंधार अधिकच गडद आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये मध्यम आकाराच्या ३१ मोटारींचे दिवे रात्री प्रत्यक्ष रस्त्यावर तपासले. ‘चांगला’ हा शेरा मिळाला एकाच गाडीला, आणि ती होती टोयोटाची साधी कुटुंबवत्सल ‘प्रियस व्ही’. सर्वांत वाईट ठरला तो बीएमडब्ल्यू ‘तीन’ मालिकेतला हॅलोजन दिवा. किंमत आणि उजेड यांचे नाते किती सैल असते याचा हा पुरावा. दिवसा जळणाऱ्या शोभिवंत दिव्यांनी दुसराच घोटाळा केला. पुढे दिवे उजळलेले, समोरची तबकडीही उजळलेली. चालकाला वाटते आपले दिवे लागले आहेत, आणि मागची बाजू मात्र काळोखात. कॅनडाने सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांसाठी याविरुद्ध नियम केला.

दिपण्याचा त्रासही सर्वांच्या परिचयाचा. प्रकाश तेवढाच ठेवून त्याचा उगम लहान केला की तो डोळ्यांना अधिक बोचतो. त्यातच तो निळसर पांढरा असला आणि उंच गाडीवरून येत असला की छोट्या वाहनावरचा माणूस क्षणभर आंधळा होतो. आता फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी या साऱ्यांनीच उंच बांध्याच्या गाड्या काढल्या आहेत. अर्थात आपल्या रस्त्यांवर दिपवणाऱ्यांत या गाड्या मूठभरच. डिपर न देणारे आणि बाजारातून आणलेले जादा दिवे लावून फिरणारे कितीतरी अधिक. पण बाजारातल्या या जादा दिव्यांना प्रतिष्ठा कोठून मिळते, याचाही विचार केला पाहिजे. वरच्याची नक्कल खालचा करतो, आणि ती करताना त्यातले तंत्र मागे राहून झगमगाट तेवढा उचलतो.

याचा अर्थ सर्वांना पुन्हा सात इंची गोल दिवा लावावा, असा मात्र नव्हे. एकाच साच्याच्या हट्टाने काय होते हेही अमेरिकेने दाखवले आहे. हॅलोजनचा दिवा युरोपच्या गाड्यांत १९६२ मध्ये आला. अमेरिकेत त्यासाठी सत्तरीच्या दशकाची अखेर उजाडली. जॅग्वार ‘ई-टाइप’च्या दिव्यांवरचे सुरेख काचेचे आवरण अमेरिकी नियमांपायी १९६७-६८ च्या सुमारास काढावे लागले आणि एका सुंदर वस्तूचे रूप उणावले. समोरची गाडी कॅमेऱ्याने ओळखून प्रकाशाचा नेमका तेवढाच भाग विझवणारा दिवा ऑडीने २०१३ च्या सुमारास युरोपात रस्त्यावर आणला. अमेरिकेने त्याला अनुमती दिली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. दिपण्यावरचा हा सर्वांत शहाणा उपाय आहे, आणि तो श्रीमंतांच्या हौसेच्या पैशातूनच जन्मला हे नाकारण्यात अर्थ नाही. महागड्या गाड्या म्हणजे तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळा, हे त्यांच्या कैवाऱ्यांचे म्हणणे या बाबतीत खरे आहे.

तेव्हा प्रश्न आहे तो नियम कशाचा करावा हा. वस्तूच्या आकाराचा नियम केला की बुद्धी गोठते. वस्तूच्या परिणामाचा नियम केला की बुद्धीला वाव राहतो आणि समाजाचेही रक्षण होते. दिवा वाटोळा असो की चिरेबंद, माळेसारखा असो की धनुष्यासारखा, तो कलावंताचा प्रांत आहे. पण ब्रेकची खूण आणि वळणाची खूण रंगाने निराळी असणे, समोरच्याच्या डोळ्यात जाणारा प्रकाश मर्यादेत असणे, गाडी भारित असो वा रिकामी झोताची पातळी आपोआप सावरली जाणे, आणि पुढचे दिवे उजळले की मागचेही उजळणे, हा सर्वांचा प्रांत आहे. आपल्याकडे वाहनांची चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यात १९६६ पासून काम करीत आहे. नियम आहेत, तज्ज्ञही आहेत. मात्र नवी गाडी प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. तिचा झोत पाच वर्षांनंतर कोठे पडतो, हे वार्षिक तपासणीत आणि रात्रीच्या रस्त्यावर कोणीतरी पाहिले पाहिजे.

दुरुस्तीचाही मुद्दा येथेच येतो. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा गोल दिवा सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळे. आजचा दिवा ही सीलबंद पेटी असते. कोपऱ्याला तडा गेला तरी बहुधा अख्खी पेटी बदलावी लागते. त्यात तिच्या आकारावर कंपनीचा नोंदणीकृत हक्क असला, तर दुसऱ्या कोणाला ती बनवताही येत नाही. सौंदर्यासाठी दिलेला हक्क अशा रीतीने दुरुस्तीची मक्तेदारी होऊन बसतो. जर्मनीने २०२० मध्ये, आणि पुढे युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाने, मूळ रूप पूर्ववत करण्यासाठी लागणाऱ्या सुट्या भागांना या हक्कातून वगळण्याचा मार्ग पत्करला. ज्या देशात जगातील सर्वांत दिमाखदार दिवे बनतात त्याच देशाने हा कायदा करावा, ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. दुरुस्ती न परवडल्यामुळे फुटक्या किंवा विझलेल्या दिव्याने हिंडणारी गाडी ही केवळ तिच्या मालकाची अडचण नसते.

तात्पर्य, दिव्यांच्या रूपावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी तो अवश्य घालावा. मोटार हीही माणसाच्या हातची कलाकृती आहे, आणि ‘९११’च्या गोल दिव्यासाठी हळहळणाऱ्यांची भावना खोटी नव्हती. फक्त त्या वादात एका तिसऱ्या पक्षाला बसायला जागा द्यावी. रात्री दहाला शिकवणी आटोपून सायकलवरून परतणारा विद्यार्थी, शेवटच्या गाडीला उतरून रस्त्याच्या कडेने चालणारा कारकून यांना गाडीची जात ओळखायची नसते. ती थांबते आहे, वळते आहे की अंगावर येते आहे, एवढेच त्यांना वेळेवर कळायला हवे असते. रस्त्यावर दिव्यांची एक भाषा आहे. तिचे अक्षर कोणी कितीही वळणदार काढावे. पण ते वाचता आले पाहिजे, आणि वाचणाऱ्याचे डोळे शाबूत राहिले पाहिजेत.